हजार यार्डांवर उतरण्याआधी: वारा आणि मिराज वाचायची तयारी

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते, आणि तीही वहीपासून. रायफल, गोळ्या, स्लिंग, जॅकेट हे सगळं त्याआधीच तपासून झालेलं असतं. नसेल तर वाऱ्याची चिंता करण्यात अर्थ नाही. वहीत नवीन पान काढा आणि चार रकाने आखा: गोळीचा क्रमांक, साइटवर (नेम धरायच्या साधनावर) लावलेला वारा, म्हणजे वाऱ्यासाठी ती किती बाजूला सरकवली, गोळी कुठे लागली, आणि खरं तर किती लावायला हवा होता. हा चौथा रकाना बरेच जण आखतच नाहीत. माझ्या मते अख्खी वही त्याच्यासाठीच असते. समजा वारा डावीकडून आहे, तुम्ही डावीकडे ६ मिनिटं लावलीत (हे मिनिट वेळेचं नव्हे, कोनाचं: अंशाचा साठावा भाग) आणि गोळी मध्यापासून १ मिनिट उजवीकडे बसली. चौथ्या रकान्यात लिहा ‘डावी ७’. आता ६ विसरा. पुढच्या गोळीला स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: त्या ७ नंतर वारा वाढला, कमी झाला की तसाच आहे? वारा ताशी किती मैल आहे हे अचूक सांगणारे लोक मी फार पाहिले नाहीत. मागच्या गोळीपासून काय बदललं हे सांगणारे मात्र पाहिलेत, आणि शेवटी गुणफलकावर वर तेच दिसतात.

वहीच्या आतल्या कव्हरवर आपल्या गोळीचा तक्ता चिकटवलेला हवा. .३०८ च्या रायफलमध्ये १५५ ग्रेन वजनाची गोळी नेहमीच्या वेगाने मारत असाल, तर ताशी १० मैलांच्या पूर्ण आडव्या वाऱ्याला ३०० यार्डांवर साधारण २ मिनिटं, ६०० वर साधारण ५ आणि १००० वर साधारण १० मिनिटं लागतात. म्हणजे हजार यार्डांवर मैलामागे एक मिनिट, हे पाठच झालेलं बरं. एक मिनिट तिथे जवळजवळ साडेदहा इंच भरतं. अमेरिकी लाँग-रेंज टार्गेटवर दहाचं वर्तुळ २० इंचांचं असतं, म्हणजे मधोमध जाणारी गोळी वर्तुळाच्या कडेवर यायला वाऱ्यातली एका मैलाची चूक पुरते. चेहऱ्यावर एका मैलाचा फरक जाणवतही नाही. म्हणून तर डोळे शिकवावे लागतात.

त्याच कव्हरवर घड्याळही काढून ठेवा, टार्गेट १२ वर धरून. ३ आणि ९ वाजताचा वारा पूर्ण धरायचा, १ किंवा ११ चा निम्मा, दीडचा सात दशांश, दोनचा जवळजवळ पूर्णच. कागदावर हे सोपं दिसतं. खरी गंमत १२ आणि ६ च्या आसपास आहे. ताशी १५ मैलांचा वारा समोरून येतोय आणि दिशा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना फक्त १० अंश डोलतेय असं धरा. हजार यार्डांवर त्या डोलण्याने डावीकडे अडीच आणि उजवीकडे अडीच, असा ५ मिनिटांचा झोका पडतो. तोच वारा ३ वाजता असता आणि तितकाच डोलला असता, तर पाव मिनिटाचाही फरक पडला नसता. तेव्हा समोरचा वारा दिसला की “आज वारा नाही” म्हणून हातपाय पसरू नका. तो दिवस सगळ्यात वाईट. पानाच्या डोक्यावर मी एक शब्द लिहून ठेवतो: ‘दिशा’ किंवा ‘जोर’. आडव्या वाऱ्याला जोर बघायचा, समोरच्या आणि मागच्या वाऱ्याला दिशा. एका वेळी दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

सामान भरताना स्पॉटिंग स्कोप (टार्गेट आणि हवा बघायची दुर्बीण) आणि त्याचा स्टँड आधी ठेवा. स्टँड असा हवा की झोपलेल्या स्थितीत, गाल बटवरून न उचलता, रिकाम्या डोळ्याला आयपीस सापडेल. घरी सतरंजीवर झोपून हे एकदा जमवून बघा. मैदानावर स्टँडशी झटापट करणारा माणूस पोझिशनही बिघडवतो आणि वेळही घालवतो. आयपीस २० ते २५ पटींचं पुरे. जास्त पट घेतली की मिराज, म्हणजे तापलेल्या हवेच्या लाटा, इतकी दाट होते की तिची धाव दिसायच्या ऐवजी नुसता लगदा दिसतो. बॅरलवर ताणायची कापडी पट्टी विसरू नका, नाहीतर आठ-दहा गोळ्यांनंतर तापलेल्या बॅरलमधून उठणाऱ्या लाटा साइटसमोर नाचतात आणि तुम्ही त्यालाच मैदानावरची मिराज समजता. दोन पेन्सिली, टोक काढलेल्या. पेन पावसात दगा देतं. टोपीला पुढे छज्जा, बाजूला झापडं. आणि पांढऱ्या टेपचा तुकडा, त्याचं कारण पुढे येईल.

मैदानावर तास-दीड तास आधी पोहोचा आणि पहिली वीस मिनिटं कशालाही हात लावू नका. झाडं, गवत, धूळ, झेंडे, जे असेल ते बघा. पानं सळसळतात आणि वारा चेहऱ्याला लागतो तेव्हा तो साधारण ४ ते ७ मैलांचा असतो. पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतील, हलका झेंडा उलगडलेला असेल, तर ८ ते १२. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले की १३ ते १८. वाऱ्याचं मीटर असेल तर याच वेळी वापरा, पण ते तुम्ही उभे आहात तिथलाच वारा सांगतं हे लक्षात असू द्या. गोळीच्या वेळी ते जवळ ठेवायला परवानगी आहे का, ते त्या स्पर्धेच्या नियमांत आधीच पाहून घ्या.

या वीस मिनिटांत एकच गोष्ट शोधायची असते: वाऱ्याची खालची आणि वरची मर्यादा, आणि त्यांच्यामध्ये तो जास्त वेळ कुठे रेंगाळतो ते. ‘डावी ४ ते डावी ८, बहुतेक वेळ ७’ अशी एक ओळ लिहा. पुढे गोंधळ उडाला तर ही ओळ वाचवते, कारण १२ मिनिटं लावायची इच्छा झाली की ती सांगते, बाबा रे, एवढा वारा सकाळपासून झालेलाच नाही.

आता मिराज. शब्दशः मृगजळच, पण मैदानावर मृगजळ कोणी म्हणत नाही. उन्हात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते तीच ही. जमिनीलगत तापलेली हवा वर चढते, कमी-जास्त तापमानाच्या थरांतून प्रकाश वाकडातिकडा येतो आणि तो लाटांसारखा दिसतो. वारा त्या लाटा आडव्या वाहून नेतो, म्हणून त्या वाचता येतात. वाचायला फोकस टार्गेटवर ठेवायचा नाही. आधी टार्गेट स्पष्ट करा, मग रिंग हळूहळू जवळच्या बाजूला फिरवा, टार्गेटची कड किंचित धूसर होऊन लाटा ठसठशीत होईपर्यंत. आता तुम्ही निम्म्या ते दोन-तृतीयांश अंतरावरची हवा बघत असता. स्कोपच्या रिंगवर ही जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. घाईत पुन्हा शोधत बसायला नको.

वारा नसला की लाटा सरळ वर जातात, भांड्यातल्या पाण्यासारख्या उकळतात. दोन-तीन मैलांचा वारा आला की त्या कलतात. पाच-सात मैलांना चांगल्याच झुकतात, दहाच्या आसपास आडव्या पळायला लागतात. बारा मैलांच्या पुढे मिराज सपाट रेघोट्या होते. तिथून पुढे पंधरा आणि अठरा यांत ती फरक दाखवत नाही, ते काम झेंड्यांवर सोडा. म्हणून हलक्या वाऱ्यात मिराज, जोराच्या वाऱ्यात झेंडे, आणि मधल्या पट्ट्यात दोघांची पटते का ते बघणे. ढगाळ दिवशी मिराज नसते असं गृहीत धरू नका; चांगल्या काचेतून ती पुष्कळदा फिकट का होईना, दिसते.

उकळणारी मिराज हा खरा सापळा. नवख्याला वाटतं वारा पडला, मारा पटकन. पण उकळी दोन कारणांनी दिसते: वारा खरंच थांबला, किंवा तो तुमच्या नजरेच्या रेषेत आला. आणि पुष्कळदा ती वारा बाजू बदलत असतानाची मधली दोन-चार सेकंदं असते. डावीकडून वाहणारी मिराज उकळली की पुढच्या क्षणी ती उजवीकडून वाहू शकते, आणि तुमच्या साइटवर अजून डावी ३ असते. उकळीत मारू नका. वेळ उरला असेल तर थांबा, लाटा एका बाजूला कलू द्या, मग ठरवा.

झेंड्यांचं मी थोडक्यात सांगतो. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूचे झेंडे पुढची बातमी देतात, दुसऱ्या बाजूचे होऊन गेलेली. भिजलेला झेंडा जड असतो, तो वारा कमी दाखवतो. झेंडा उशिरा हलतो आणि उशिरा पडतो, मिराज लगेच बदलते. झेंडे वर असतात आणि मिराज जमिनीलगत, जिथे वारा मुळात मंद असतो. गोळी मात्र हजार यार्डांच्या मधल्या टप्प्यात नजरेच्या रेषेच्या तीन-चार मीटर वरून जाते, आणि हवेत दीड सेकंदाहून जास्त असते. तेव्हा दोघांचं पटत नसेल तर मी झेंड्याकडे जरा झुकतो. आणि वारा सगळीकडे सारखा नसेल तर तुमच्या जवळच्या भागाला जास्त वजन द्या: तिथे बसलेला धक्का गोळी उरलेल्या सगळ्या अंतरभर वाढवत नेते.

फायरिंग पॉइंटवर झोपल्यावर साइटचं शून्य, म्हणजे वारा नसताना गोळी मधोमध लागेल ती जागा, आधी बघा. बिनवाऱ्याचं शून्य त्या अंतराचंच हवं. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात अशा) बॅरलची गोळी वारा नसतानाही थोडी उजवीकडे सरकते, आणि हजार यार्डांवर ते सरकणं दिसण्याइतकं असतं. त्याच पिळात उजवीकडचा वारा गोळी थोडी वर आणि डावीकडचा थोडी खाली नेतो. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी उगाच एलेव्हेशनशी, म्हणजे साइटच्या वर-खाली सेटिंगशी, खेळत बसलो होतो.

आता ती टेप. एकदा ९०० यार्डांवर वाऱ्याने बाजू बदलली, मी ते बरोबर पाहिलं, आणि साइट बाजूला सरकवायचा नॉब उलट्या बाजूला फिरवला. वाचन शंभर टक्के बरोबर, गोळी टार्गेटच्या कडेला. तेव्हापासून मागच्या साइटवर नॉबशेजारी पांढऱ्या टेपवर बाण काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘गोळी इकडे’. लोक हसतात. हसू देत.

मारायची वेळ आली की क्रम ठरलेला असू द्या: झेंडा, मिराज, नॉब, शेवटची एक नजर मिराजकडे, मग ट्रिगर. ती शेवटची नजर लाटांत बदल दाखवत असेल तर गाल उचला आणि पुन्हा सुरू करा. बिस्ले पद्धतीत (इंग्लंडमधल्या बिस्ले मैदानाच्या नावाची) दोघं-तिघं आळीपाळीने मारतात आणि गोळीमागे ४५ सेकंद मिळतात. जोडीदाराची गोळी कुठे लागली तेही बघा. ती फुकटची माहिती आहे, फक्त त्याने साइटवर काय लावलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. साइटर, म्हणजे सुरुवातीच्या अंदाज घ्यायच्या गोळ्या, दोन असतील तर ते मोठ्या धाडसासाठी नाहीत. नेहमीच्या वाऱ्यावर, म्हणजे पानावरच्या त्या ओळीतल्या ७ वर सुरुवात करा.

गोळी सुटली की, ती कुठे लागली हे दाखवणारं निशाण वर यायच्या आत, स्वतःचा अंदाज लिहा: ‘स्वच्छ’, ‘थोडी उजवीकडे सुटली’. नंतर लिहाल तर निकाल बघून लिहाल. वाकडी सुटलेली गोळी वाऱ्याच्या नावावर घातली की चौथा रकाना खोटा होतो, आणि पुढच्या पाच गोळ्या त्या खोट्यावर उभ्या राहतात.

उठल्यावर सामान आवरण्याआधी दोन ओळी: वारा कुठून होता आणि कोणत्या खुणेने फसवलं. स्कोपच्या काचेवरची धूळ ब्रशने काढा, फडक्याने घासू नका. नॉब शून्यावर आणून ठेवा, कारण पुढच्या वेळी तुम्ही तो शून्यावर आहे असं गृहीत धरणारच. टेपवरचा बाण फिका झाला असेल तर तिथेच पुन्हा काढा, पेन्सिल हातात आहे तोवर.