पहिलं महागडं घड्याळ घेताना आधी मोजपट्टी काढा

बजेट ठरवलंय, घरात बोलणं झालंय, हे धरून चालते. त्यावर वेळ घालवत नाही. पहिलं काम, आजच्या आज: एक साधी सरळ पट्टी घ्या. शिवणकामाची टेप नको. तळहात खाली करून हात टेबलावर ठेवा आणि मनगटाच्या बाहेरच्या हाडाच्या जरा मागे, जिथे घड्याळ बसतं तिथे, वरचा सपाट भाग किती रुंद आहे ते मिलिमीटरमध्ये मोजा. घेर नाही, सपाट रुंदी. तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे करा.

कारण मी ते केलं नव्हतं. चार वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेलं घड्याळ मी आठ महिन्यांत विकलं. यंत्र उत्तम होतं, तबकडी अजून डोळ्यांसमोर आहे, व्यास 39 मिमी, म्हणजे आजच्या मानाने मोठा मुळीच नाही. मनगटाचा घेर साडेपंधरा सेंटीमीटर, त्याला 39 चालतं असं सगळीकडे वाचलं होतं आणि तेवढ्यावर मी थांबले. पण घड्याळाला व्यासाखेरीज आणखी एक माप असतं. पट्टा जिथे अडकतो ते वर दोन आणि खाली दोन असे पाय, त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची जी लांबी, ते हे माप. माझ्या घड्याळात ती 49 होती. माझं मनगट वरून 45. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन दोन मिलिमीटर लग हवेत. कागदावर हे काहीच वाटत नाही. हातावर मात्र लगच्या खाली अशी फट राहायची की पेन्सिल सहज आरपार जाईल, घड्याळ दिवसभर पंज्याकडे घसरायचं आणि चावी, म्हणजे घड्याळाच्या बाजूचं फिरवायचं गोल बोंड, हाताच्या पाठीवर रुतायची. संध्याकाळी काढलं की तिथे चावीच्या दात्यांसकट गोल लाल ठसा असायचा. दोन महिन्यांनी तर तो सकाळीही जाईना.

तेव्हा नियम सरळ आहे: टोक ते टोक लांबी तुमच्या सपाट रुंदीपेक्षा जास्त नको. बरोबरीची असली तर घालून बघितल्याशिवाय नको. दोनतीन मिलिमीटर कमी असली तर निश्चिंत. नुसत्या व्यासावर विश्वास ठेवू नका, तो फसवतो. ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल 42 मिमीचं आहे, पण त्याची टोक ते टोक लांबी 48 च्या आसपास आणि लग खाली वळलेले, म्हणून ते बऱ्याच मनगटांवर छान बसतं. उलट नोमोस या जर्मन कंपनीचं टांगेंटे बघा. व्यास लहान, पण लग लांब आणि कडा बारीक, म्हणून ते आपल्या आकड्यापेक्षा मोठं दिसतं. लग खाली वळलेत की सरळ आहेत, हे बाजूने काढलेल्या फोटोत बघा. स्टीलचा पट्टा असेल तर केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला, लागून असलेली पहिली कडी लगच्या पुढे येते का तेही बघा, कारण ती वळत नसेल तर खरी लांबी तिथपर्यंत धरायची. माझ्या घड्याळात ती पुढे आलेली होती. मी ते पाहिलंच नव्हतं.

पुष्कळ कंपन्या हे माप आपल्या माहितीपत्रकात देत नाहीत. व्यास देतात, जाडी देतात, हे देत नाहीत. मग दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर समोर पट्टी लावायला सांगा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. माप मिळालं की जाड पुठ्ठ्याचा तेवढ्या लांबीचा आणि व्यासाइतक्या रुंदीचा तुकडा कापा, मनगटावर चिकटपट्टीने लावा आणि संध्याकाळभर त्यासकट वावरा. टाइप करा, भांडी घासा, हात टेकवून उठा. पुठ्ठा कुठे टोचतो ते तासाभरात कळतं.

जाडीही याच वेळी बघून घ्या. 10 मिमीच्या आतलं घड्याळ बाहीखाली जातं, 13 च्या पुढचं बहुतेक बाह्यांना अडतं. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीची आणि स्टॉपवॉच असलेली घड्याळं जाड असतात, त्याला इलाज नाही.

आता यंत्र. इथे लोक महिनोन्‌महिने अडकतात, मीही अडकले होते, आणि त्या नादातच मापाचं राहून गेलं. क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवरचं. त्यातला स्फटिक बहुधा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, म्हणून ते अचूक असतं. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेको या जपानी कंपनीने 1969 च्या डिसेंबरात आणलं. बॅटरीवरचं म्हणजे हलक्या प्रतीचं, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. ग्रँड सेकोची 9एफ ही क्वार्ट्झ यंत्रं वर्षाला फार तर 10 सेकंद मागेपुढे होतात. यांत्रिक, म्हणजे बॅटरीशिवाय स्प्रिंगवर चालणाऱ्या, घड्याळाला हे कधीच जमणार नाही. त्यातलं चाक बहुधा तासाला 28,800 ठोके देतं, सेकंदाला आठ, आणि सेकंदकाटा त्यामुळेच सरकल्यासारखा दिसतो. स्वित्झर्लंडच्या कॉस्क संस्थेचं क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेचं, प्रमाणपत्र मिळवायला सरासरी दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद इतकी सूट असते. म्हणजे प्रमाणपत्र असलेलं उत्तम घड्याळसुद्धा आठवड्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे जाऊ शकतं, आणि तो दोष नव्हे. हे मान्य नसेल तर यांत्रिक घेऊच नका, नंतर रोज फोनशी वेळ ताडून स्वतःला त्रास करून घ्याल.

चावीचं की ऑटोमॅटिक? रोज सकाळी चावी देणं तुम्हाला आवडणार असेल तर चावीचं घ्या, ते बहुधा बारीकही असतं. ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीवर स्प्रिंग भरते. एकदा पूर्ण भरल्यावर किती तास चालतं ते विचारा: 40 तासवालं शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंद मिळतं, 70 तासवालं चालू मिळतं. दोन घड्याळं आलटून पालटून घालणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. एकच घालणार असाल तर दुर्लक्ष करा.

पाण्याचं नीट समजून घ्या. तबकडीवर 30 मीटर लिहिलंय म्हणजे 30 मीटर खोल जाता येतं असं नाही. तो स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. 30 म्हणजे हात धुताना उडणारं पाणी, बस. पोहायचं असेल तर 100 आणि शक्यतो फिरवून घट्ट बसणारी चावी. ती पाण्यात कधीही उघडायची नाही. आत रबराची वर्तुळं असतात, ती काळाने कडक होतात, म्हणून जुनं घड्याळ घेतलंत तर दाबाची चाचणी करून घेईपर्यंत ते पाण्यापासून लांब ठेवा. गरम वाफेच्या आंघोळीत तर नवंही नको.

काच सफायरची असू द्या, ओरखडा सहजी उठत नाही. स्टीलवर मात्र ओरखडे येणारच, आठवड्यात येतील, त्याची तयारी ठेवा. पट्ट्याची रुंदी 18, 20 किंवा 22 असेल तर बदली पट्टे सहज मिळतात, 19 आणि 21 ला शोधत बसावं लागतं.

सर्व्हिसिंगचा खर्च आजच विचारा. यांत्रिक घड्याळ साधारण पाच ते दहा वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावं लागतं, आणि स्टॉपवॉच असलेल्यात भाग जास्त म्हणून खर्चही बराच जास्त. कोण करतं, किती दिवस लागतात, कंपनीलाच पाठवावं लागतं की बाहेरचा चांगला कारागीर करू शकतो, हे विचारा. घड्याळ परवडतं पण त्याची सर्व्हिसिंग परवडत नाही, अशी वेळ येते. मग ते बंद पडून कपाटात राहतं.

वापरलेलं घेणार असाल तर मॉडेलपेक्षा विकणारा आधी तपासा. परत घेण्याची मुदत लेखी हवी. मागचं झाकण उघडून यंत्राचा फोटो मागा, घड्याळावरचा नंबर कागदांशी जुळतोय का पाहा, आणि लगच्या कडा निरखा. कडा गोलावल्या असतील तर केस घासून चकाचक केलेली आहे. गेलेला धातू परत येत नाही. फार चमकणाऱ्या जुन्या घड्याळापासून मी चार हात लांब राहते. आणि फोटोवरून घेऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत घड्याळ खऱ्यापेक्षा मोठं दिसतं, दुसऱ्याच्या रुंद मनगटावर लहान दिसतं, दोन्ही खोटं. पुन्हा सांगते, टोक ते टोक लांबी विचारा. विकणारा म्हणाला “39 चं आहे, कुणालाही बसतं”, तर फोन ठेवून द्या. मला नेमकं हेच वाक्य ऐकवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

दुकानात दुपारनंतर जा, दिवस वर चढला की मनगट थोडं फुगतं. घट्ट बाहीचा कपडा घालून जा. पट्टी बरोबर न्या. हसतील, हसू देत. आधी लांबी मोजायची, मग घालायचं. स्टीलचा पट्टा ढिला असतो, त्यामुळे घड्याळ कुठेही कसंही बसतं आणि काहीच कळत नाही. मी दोन मिनिटं असंच ढिलं घड्याळ हातावर धरून खूश झाले होते. पट्टा खालून चिमटीत धरून घट्ट करायला सांगा. मग हात खाली सोडून आरशात बघा, चार पावलं मागे जाऊन. लग मनगटाच्या कडेबाहेर दिसतायत? मग ते तुमचं घड्याळ नाही, कितीही सुंदर असलं तरी. हात मागे वाकवा, जसा टेबलावर टेकवून उठताना वाकतो तसा. चावी रुतली? नाही म्हणा. वीस मिनिटं तरी घालून बसा. घाई करणाऱ्या विक्रेत्याला थांबायला सांगा. त्या दिवशी घेऊ नका. घरी जा, एक आठवडा जाऊ द्या, परत जाऊन पुन्हा घाला.

घेतलंत की बिल, तारीख आणि शिक्क्यासह वॉरंटी कार्ड, डबा, सगळं एका जागी. पट्ट्यातून काढलेल्या कड्या मोजून मागून घ्या आणि डब्यात ठेवा. माझी एक कडी हरवली होती, विकताना त्यापायी पैसे कापले गेले. नंबरचा फोटो काढून ठेवा, विमा बघा. तारखेचा आकडा रात्री नऊ ते पहाटे तीनमध्ये चावीने बदलू नका, आतल्या चाकांचे दाते तुटू शकतात. स्पीकर, पर्सचं लोहचुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, यांच्यापासून दूर ठेवा. एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर घाबरू नका, बहुतेकदा स्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असतं, कारागीर ते काही सेकंदांत काढतो.

पट्टीवरचा आकडा लिहिलात ना फोनमध्ये? नसेल तर आत्ता उठून मोजा.