दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी: सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाची तयारी

माझ्या लेकाच्या घामाच्या चाचणीत क्लोराइड 60 च्या वर आलं आणि सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे कफ घट्ट करणारा आणि अन्न पचू न देणारा जन्मजात आजार, असल्याचं ठरलं. तेव्हापासून घरात छाती, पोट आणि वजन यांखेरीज दुसरा विषय नव्हता. तो सात वर्षांचा असताना एका रात्री दात घासून देताना खालच्या पुढच्या दातांमागे माझं नख अडकलं. पिवळट, चुन्यासारखा खडबडीत थर होता. आता दर सहा महिन्यांनी दाताची फेरी ठरलेली असते. तिची तयारी मी कशी करते ते सांगते.

तो थर म्हणजे कीटण. ज्या जनुकातल्या बिघाडाने छातीतला कफ घट्ट होतो, त्याचं काम लाळग्रंथींतही चालतं. या मुलांच्या जबड्याखालच्या ग्रंथींच्या लाळेत कॅल्शियम जास्त आढळतं, आणि ती लाळ जिभेखाली, बरोब्बर खालच्या दातांमागे येते. म्हणून कीटण आधी तिथे धरतं. ‘या मुलांचे दात कमी किडतात’ असंही कुणी सांगेल. काही अभ्यासांत तसं दिसलंय, आणि सततच्या अँटिबायोटिक्समुळे ते होत असावं असं मानतात. त्या भरवशावर मात्र राहू नका, कारण इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, कच्चं असणं, त्यावर पांढरे-तपकिरी डाग असणं या मुलांत जास्त दिसतं.

आठवडाभर आधी दवाखान्यात फोन करा आणि आजाराचं नाव स्पष्ट सांगा. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे बाहेर खोकणाऱ्यांची गर्दी नसते. पण रात्रभर खुर्चीच्या नळ्यांत पाणी साचून राहतं, आणि साचलेल्या पाण्यात सुडोमोनास हा जंतू वाढू शकतो. आपल्या मुलांच्या फुप्फुसांना त्याचीच सगळ्यात जास्त भीती. म्हणून ‘आधी नळ्यांतून पाणी सोडून द्याल ना?’ हे विचाराच. मला सुरुवातीला संकोच वाटायचा, आता वाटत नाही. पहिली वेळ म्हणजे लोकलच्या ऐन गर्दीची वेळ, त्यामुळे साध्या तपासणीला मी घराजवळचाच डॉक्टर धरलाय. मोठं काम निघालं, विशेषतः भूल द्यायची वेळ आली, तर सीएफच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आणि मोठ्या रुग्णालयाशिवाय नाही. मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आणि सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

फाइलमध्ये चालू औषधांची यादी, थुंकीच्या कल्चरचा (त्यात कोणते जंतू आहेत याच्या तपासणीचा) शेवटचा रिपोर्ट आणि सीएफच्या डॉक्टरांचा नंबर ठेवा. दात काढायचा असेल तर रक्त गोठण्याची तपासणी करायची का, हे आधीच विचारा. या मुलांच्या अंगी चरबी नीट लागत नाही, त्यामुळे व्हिटॅमिन के कमी पडू शकतं आणि रक्त लवकर थांबत नाही.

आदल्या रात्री टॉर्च घेऊन तोंड बघा. गालाच्या आत, हिरडीच्या खोबणीत एन्झाइमच्या कॅप्सूलचे दाणे अडकलेत का? लहान मुलांना आपण कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरात देतो. ते चावले किंवा तोंडात राहिले की फुटतात, आणि अन्न पचवणारं औषध तोंडाची कातडीच सोलतं. माझ्या लेकाला आठवडाभर आलेलं तोंड मी उष्णतेचं समजून गुलकंद देत बसले होते. कारण होतं गालात राहिलेले चार दाणे. दाणे दिले की लगेच पाणी प्यायला लावा आणि बोट फिरवून बघा. स्टेरॉइडचा पंप असेल तर त्यानंतर चूळ भरायलाच हवी, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

सकाळी नेब्युलायझर आणि छातीचा व्यायाम उरकून, कफ मोकळा करून मगच निघा. त्यानंतर दात घासा. पिशवीत एन्झाइम, खाऊ, पाणी आणि ओआरएस असू द्या. मे महिन्यात तर नक्कीच, कारण या मुलांचं मीठ घामावाटे भराभर जातं. ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं, म्हणून वर दोन घोट साधं पाणी पाजा.

खुर्चीवर मुलाला सपाट झोपवू देऊ नका. एका दवाखान्यात झोपवलं होतं. नाक चोंदलेलं, तोंडात पाणी, आणि खोकल्याची अशी उबळ आली की त्याने पुढे वर्षभर खुर्चीचं नाव काढू दिलं नाही. अर्धवट बसवून, मध्ये मध्ये थांबत काम होतं. ‘हात वर केला की थांबायचं’ ही खूण डॉक्टरांच्या देखत ठरवा.

डॉक्टर म्हणतील, मधलं खाणं कमी करा. तिथे नम्रपणे पण ठाम राहा. वजनासाठी या मुलांना वारंवार आणि भरपूर खावंच लागतं. खाण्याच्या वेळा तोडू नका, पदार्थ बदला. चिक्की आणि क्रीमची बिस्किटं दाताला चिकटून राहतात. त्याऐवजी पनीर, खारे दाणे किंवा लोण्याबरोबर थालीपीठ द्या, आणि खाल्ल्यावर चूळ. पित्त वर येऊन उलटी झाली तर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भरून अर्धा तास थांबा.

निघण्यापूर्वी फ्लोराइडच्या लेपाबद्दल विचारा आणि कीटण काढायची पुढची तारीख घ्या. छातीच्या तपासणीच्या तारखांशेजारीच ती कॅलेंडरवर लिहा.