लूप फास्ट करायचाय? आधी वहीत ठिपके काढा

नाशिकमध्ये कंपायलर शिकणाऱ्या पोरापोरींनो, नेस्टेड लूप (लूपच्या आत लूप) दिसला की लगेच फॉर आतबाहेर करू नका, आधी वही घ्या. पॉलिहेड्रल मॉडेल नाव जड आहे पण सुरुवात सोपी, लूपची प्रत्येक फेरी म्हणजे ग्राफवरचा एक ठिपका, एका बाजूला आय दुसऱ्या बाजूला जे. दिंडोरीकडची द्राक्षबाग डोळ्यासमोर आणा, प्रत्येक वेल एक ठिपका, आणि आपण ठरवायचं ते फक्त कुठल्या वेलीकडे आधी जायचं नि कुठल्या नंतर.

आता बाण काढा, खरी मेहनत इथेच आहे. समजा ए[आय][जे] = ए[आय-1][जे+1] + 1 असा लूप आहे. (2,3) ला लागणारी व्हॅल्यू (1,4) ने लिहिलेली असते, म्हणून (1,4) पासून (2,3) कडे बाण, अंतर (1,-1). क्रम कसाही बदला पण बाण जिथून निघतो तो ठिपका आधी चाललाच पाहिजे, म्हणजे अंतरातला शून्य नसलेला पहिला आकडा पॉझिटिव्ह हवा. दोन्ही लूपची अदलाबदल केली की होतं (-1,1), संपलं, उत्तर चुकणार! मग स्क्यू करायचं, जे च्या जागी आय+जे घ्या, अंतर होतं (1,0), आता अदलाबदलही चालते आणि टायलिंगही (फेऱ्या छोट्या चौकोनी तुकड्यांत चालवणं). मला ह्या मॉडेलमधलं हेच सगळ्यात भारी वाटतं, चालेल का नाही ते अंदाजाने नाही तर गणिताने कळतं.

टायलिंग कॅशसाठी, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीसाठी. डबल 8 बाइटचा, म्हणजे 32 बाय 32 चा तुकडा 8 केबी, मॅट्रिक्स गुणाकारात असे तीन म्हणजे 24, ते 32 केबीच्या एल-वन कॅशमध्ये मावतात.

हाताने जमलं की मग टूल. क्लँग कंपायलर पॉलीसकट (त्याचा पॉलिहेड्रल भाग) बिल्ड केलेला असेल तर -ओ3 -एमएलएलव्हीएम -पॉली हे ऑप्शन द्या, जीसीसी कंपायलरमध्ये तसंच ग्राफाइट आहे, पण शिकायला प्लूटोच घ्या (उदय बोंधुगुला यांचं, 2008 चा पेपर आहे, ते बंगळुरूच्या आयआयएस्सीत असतात) कारण बदललेला सी कोड समोर वाचता येतो. लूपच्या आधी प्रॅग्मा स्कॉप आणि नंतर प्रॅग्मा एंडस्कॉप लिहायचं, बास. फक्त लिमिट आणि इंडेक्स 2*आय+जे-1 अशा साध्या रूपातले हवेत, ए[बी[आय]] किंवा आय*आय असेल तर तेवढा लूप प्रॅग्माच्या बाहेर ठेवा.