सड्यावरच्या आणि रानातल्या भाज्या खुडताना

कोकणात मोसमी पाऊस स्थिरावला की आठ-पंधरा दिवसांत सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, आणि रानाच्या कडेने टाकळा, फोडशी, भारंगी, कुरडू यांची कोवळी पालवी दिसू लागते. हीच पालवी खुडायची असते, कारण फुलोरा आल्यावर पाने जून आणि कडवट होतात.

टाकळ्याच्या पानात टोकाशी गोलसर अशा पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात. त्याच्याच शेजारी वाढणाऱ्या कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असून त्यांच्या जोड्या अधिक असतात, त्यामुळे खुडण्यापूर्वी पर्णिका मोजाव्यात. फक्त वरचे शेंडे घ्यावेत, म्हणजे रोप पुन्हा फुटते.

फोडशीबाबत अधिक दक्ष राहावे लागते. तिची लांबट, गवतासारखी पाने विषारी रानकांद्याच्या पानांशी मिळतीजुळती दिसतात. परंतु रानकांद्याच्या तळाशी मोठा कांदा असतो, तर फोडशीला कांदा नसून जाडसर मुळे असतात. ओळख पटवण्यासाठी एकच रोप माती सारून तपासावे, आणि बाकीच्यांची पाने विळ्याने जमिनीलगत कापून मुळे तशीच ठेवावीत. पानांच्या बेचक्यात माती अडकलेली असते, ती काढायला दोन-तीन पाणी लागतात.

शेवळे मात्र वळवाच्या किंवा पहिल्या पावसातच, पान येण्याआधी, झाडांखालच्या पालापाचोळ्यातून वर येतात. हा वस्तुतः त्या वनस्पतीचा फुलोरा असल्यामुळे एका जागची सगळी शेवळे काढली तर तिथे बी धरत नाही; म्हणून निम्म्याहून अधिक ठेवावीत आणि जमिनीतला कंद उकरू नये. शेवळांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो. बाहेरचे आवरण आणि आतला पिवळा भाग काढून उरलेले चिरावे, काकडे या आंबट रानफळांच्या रसात, ती न मिळाल्यास चिंचेच्या कोळात, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे. रायगडमध्ये शेवळांचे वाटे विकणाऱ्या कातकरी आणि ठाकर स्त्रिया त्यांच्यासोबत काकडेही देतात; निवडण्याची रीत त्यांच्याकडूनच शिकावी, कारण हे ज्ञान त्यांनीच जपले आहे.

देवराईतून काहीही तोडू नये, खाजगी जागेत मालकाला विचारावे, आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पांवरून चालू नये.

वारुळावरची अळंबी जाणत्या माणसाने प्रत्यक्ष पाहून सांगितल्याशिवाय घेऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते का ही परीक्षा निरुपयोगी आहे, आणि काही अळंब्यांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. प्राणघातक अळंबीचा त्रास खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होऊ शकतो. अशा वेळी उलट्या थांबण्याची वाट न पाहता, उरलेली अळंबी सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.