व्हीएस कोडमध्ये कॉन्फिगरेशन फाइलवर खोट्या त्रुटी दिसतात? या चुका टाळा

यॅमल किंवा जेसन (कॉन्फिगरेशन लिहिण्याची दोन स्वरूपे) फाइल प्रत्यक्षात व्यवस्थित चालत असूनही व्हीएस कोड हा एडिटर तिच्यात लाल नागमोडी रेघा दाखवतो, तेव्हा अनेक जण चालती फाइल बदलू लागतात किंवा वैतागून सेटिंग्जमधून तपासणीच बंद करून टाकतात. तपासणी बंद करणे ही त्यातली मोठी चूक, कारण त्यानंतर खऱ्या चुकाही दिसेनाशा होतात. एडिटर तुमची फाइल चालवून पाहत नाही. कोणत्या ‘की’ (म्हणजे नोंदींची नावे) चालतील आणि त्यांची मूल्ये कोणत्या प्रकारची असावीत हे सांगणाऱ्या स्कीमाशी तो ती ताडून पाहतो. त्यामुळे लागलेला स्कीमा कोणता, हे सर्वांत आधी तपासावे. यॅमल फाइल उघडी असताना खालच्या स्टेटस बारवर उजवीकडे त्याचे नाव दिसते.

रेड हॅटचे यॅमल एक्स्टेन्शन हा स्कीमा बहुधा फाइलचे नाव आणि फोल्डर पाहून स्कीमा स्टोअर या सार्वजनिक संग्रहातून निवडते. तुमच्या फाइलचे नाव योगायोगाने एखाद्या प्रसिद्ध साधनाच्या फाइलसारखे असले, तर त्या साधनाचे नियम तिला लागतात आणि जवळजवळ प्रत्येक की ‘चालणार नाही’ असे सांगितले जाते. अशा वेळी फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश चिन्हाची टिप्पणी देऊन तिथेच योग्य स्कीमाचा पत्ता लिहावा. जेसनमध्ये हेच काम डॉलर-स्कीमा ही की करते. पण फाइल वाचणारा प्रोग्रॅम अनोळखी की नाकारत असेल, तर हा संबंध सेटिंग्जमध्येच जोडलेला बरा.

कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर काम करणारे हमखास करतात ती चूक म्हणजे त्याचा स्कीमा वैयक्तिक सेटिंग्जमध्ये सरसकट सर्व यॅमल फाइलींना लावणे. मग दुसऱ्या प्रकल्पातली डॉकर कंपोज या दुसऱ्या कंटेनर-साधनाची निर्दोष फाइलसुद्धा लाल होते. ही नोंद त्या प्रकल्पाच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधील सेटिंग्ज फाइलमध्ये, आणि तीही ठरावीक फोल्डरपुरतीच असावी. हेल्म या कुबरनेटीसच्या पॅकेज-साधनाच्या टेम्प्लेटची गोष्ट वेगळी आहे: दुहेरी महिरपी कंसांमुळे ती रेंडर होण्यापूर्वी, म्हणजे तिच्यात खरी मूल्ये भरली जाण्यापूर्वी, बऱ्याचदा वैध यॅमल नसतेच, त्यामुळे कितीही स्कीमा बदलले तरी उपयोग होत नाही. हेल्मचे एक्स्टेन्शन घेऊन ‘फाइल्स असोसिएशन्स’ या सेटिंगमध्ये त्या फोल्डरला हेल्म ही भाषा नेमून द्यावी.

क्लाउडफॉर्मेशन या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड-साधनाच्या यॅमल फाइलींमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ‘रेफ’, ‘सब’, ‘गेटअ‍ॅट’ या टॅगांवर ‘अनरिझॉल्व्ह्ड टॅग’ असा संदेश येतो. हे टॅग अ‍ॅमेझॉनचे स्वतःचे असल्याने ते ‘कस्टम टॅग्ज’ या सेटिंगमध्ये नोंदवावे लागतात, आणि नेमका इथेच अर्धवटपणा होतो. नुसते नाव लिहिले, तर तो टॅग फक्त एकेरी मूल्यासाठी, म्हणजे स्केलरसाठी, धरला जातो. ‘जॉइन’नंतर यादी येते, म्हणून त्याच्यापुढे ‘सीक्वेन्स’ लिहायला हवे. ‘सब’ आणि ‘गेटअ‍ॅट’ दोन्ही रूपांत वापरले जातात, म्हणून त्यांच्या दोन-दोन नोंदी कराव्यात.

जेसनमधील टिप्पण्यांवर आक्षेप येत असेल, तर भाषा ‘जेसन विथ कॉमेंट्स’ अशी बदलता येते. टाइपस्क्रिप्टच्या टीएसकॉन्फिग फाइलसाठी ते रास्त आहे. पॅकेज-जेसन फाइलसाठी मात्र नाही, कारण ती वाचणाऱ्या एनपीएम या पॅकेज व्यवस्थापकाला तिथे टिप्पणी खरोखरच चालत नाही आणि एडिटरची तक्रार योग्य असते.

म्हणूनच त्रुटी खोटी आहे असे ठरवण्याआधी फाइल तिच्या खऱ्या साधनाकडून तपासून घ्यावी: कंपोजसाठी ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’, कुबरनेटीससाठी सर्व्हरवरील ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता घेतलेली चाचणी), क्लाउडफॉर्मेशनसाठी सीएफएन-लिंट हे तपासणी-साधन. यॅमलच्या इंडेंटेशनमध्ये आलेला टॅब किंवा एकाच पातळीवर दोनदा आलेली की यांचा स्कीमाशी संबंध नसतो. या चुका खऱ्याच असतात, त्या दुरुस्तच केल्या पाहिजेत.

स्कीमा लोड होऊ शकला नाही असा इशारा आला, तर फाइलला हातही लावू नये. कार्यालयीन नेटवर्कमध्ये प्रॉक्सीमुळे हे बऱ्याचदा घडते. प्रॉक्सीची सेटिंग तपासावी, किंवा स्कीमा प्रकल्पातच उतरवून घेऊन त्याचा स्थानिक पत्ता द्यावा.