डाएटिशियनकडे जाताना घरचं ताट सांगा

डाएटिशियनकडे पहिल्यांदा जाताय तर आधीच्या तीन-चार दिवसांत जे खरंच खाल्लं ते लिहून न्या, वरणभात, ज्वारीची भाकरी, सुकट, रात्रीचं चहा-बिस्कीट सगळं, काही लपवू नका, कारण ते कळल्याशिवाय तुमच्या घरात चालेल असं त्यांना सांगताच येत नाही आणि मग ओट्स-क्विनोआचा छापील चार्ट हातात येतो. चार्टमध्ये भात सरसकट बंद असेल तर सरळ विचारा, मॅडम, किती खाल्ला तर चालेल? आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या २०२४ च्या आहाराच्या गाइडलाइन्समध्ये पण २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला साधारण २५० ग्रॅम कच्चं धान्य आहेच. शुगर असेल तर आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि मग भात, असं जेवलं की जेवणानंतरची शुगर सहसा कमी चढते. इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच बदल करा. आणि मुद्दाम उपाशी राहणं, चोरून खाणं, खाल्ल्यावर उलटी काढणं असं काही होत असेल तर ते पहिल्याच भेटीत बोला, प्लीज, यात लाजण्यासारखं काहीच नाही, अशावेळी डाएट चार्टच्या आधी डॉक्टर आणि काउन्सेलरची मदत लागते. काट्यावर उभं राहायची भीती वाटत असेल तर वजनाचा आकडा मला सांगू नका, असंही बिनधास्त म्हणा.