मरळीला झटका जरा उशिराच द्या

गळ लावलेल्या रबरी बेडकावर (आमिषावर) मरळ झेपावली की हात आपसूक वर जातो आणि तिथेच घोळ होतो. बेडूक हवेत, मासा जलपर्णीखाली गडप. मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोरीला वजन जाणवू द्या आणि मगच काठी उचला. एवढं शिकण्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

युरोप-अमेरिकेतल्या नॉर्दर्न पाईकचे व्हिडिओ बघून मी तारेचा लीडरही (दोरी आणि आमिषामधला तारेचा तुकडा) बांधला होता. पाईकच्या दातांनी साधी दोरी कापली जाते, म्हणून तिकडे तो लागतो. आपल्या मरळीला 40 पौंडी ब्रेडेड लाईन (विणलेली दोरी) थेट बांधा. तारेच्या वजनाने बेडूक पाण्यात नाक खुपसतो. दोन्ही मासे दबा धरून बसणारे, पण मरळीला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो. मुंबईच्या पवई तलावाला सकाळी काठावर दहा मिनिटं नुसते उभे राहा. झाडोऱ्यात ‘बुळुक’ झालं, बुडबुडे आले, की त्याच्या हात-दीड हात पलीकडे बेडूक टाका आणि सावकाश, थांबत थांबत ओढा. बेडकाचे गळ पाठीला चिकटलेले हवेत, नाहीतर दर फेकीला जलपर्णीच हाती येईल.

पावसाळ्यात पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात, बेडकावर रागाने धावतात. ती पकडली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी.

गळ टाकण्याच्या परवानगीची चौकशी आधी करा. आणि हो, पवईत मगरी आहेत, पाय पाण्यात सोडून बसू नका.